गाडीच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट घरीच बदलणार असाल तर

पैसे मजुरीत वाचवा, सामानात नको. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) बदलाच. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. मी एकदा जुनाच टेन्शनर ठेवला आणि काही महिन्यांत सगळं पुन्हा उघडत बसलो. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) उसना आणला तरी चालतो.

जुना बेल्ट काढण्याआधी बेल्टने जोडलेल्या क्रँक (पिस्टनचा दांडा फिरवतो तो शाफ्ट) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) यांच्या खुणा जुळवून त्यांवर पांढरा ठिपका द्या. नवा चढवून ताण दिला की क्रँक पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवा (कॅमचा तेवढ्यात एकच होतो). खुणा परत जुळल्याच पाहिजेत. एक दात जरी सरकलेला वाटला तर बेल्ट पुन्हा काढा. फिरवताना मध्येच अडलं तर जोर लावू नका, पिस्टन व्हॉल्व्हला टेकला असेल. सेल्फ मारायचा तो खुणा जुळल्यानंतरच.