वीसेक वर्षं विहिरीवर पडलेलं ६ हॉर्सपॉवरचं लिस्टर इंजिन पुन्हा सुरू होईल का?

होतं बहुतेक. ६५० आरपीएमवर (मिनिटाला ६५० फेरे) चालणारं धीमं इंजिन, सहसा मरत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या संत्राबागांत अशी धूडं दिसतात. पण आधी हँडल मारू नका! पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला (पिस्टन ज्या नळीत सरकतो तिला) चिकटलेल्या असतात, जोर लावला की तुटतात. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून पिस्टनवर डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं ओता, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील हातानं मागं-पुढं हलवा. तळाचं ऑइल बदलाच, त्यात पाणी साचतं. हेड नव्या गॅस्केटनं बसवा. टाकी धुऊन ताजं डिझेल भरा, इंजिनच्या डिझेल पंपाचा नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून हँडल फिरवताना डिझेल फवारणारं नोझल ‘कर्र’ वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर पंपाचं एलिमेंट (डिझेल दाबणारा आतला दांडा) अडकलेलं असू शकतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडल उलटं मारतं.