जाऊन ये, मग बोल

चि. मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बारावी तोंडावर आली, नववीपासून घेतलेला पर्यटनाचा विषय पुढे न्यायचा की इथेच सोडायचा हे ठरत नाही, घरी पोलीस भरतीचा आग्रह आहे, आणि एका खासगी संस्थेने क्रूझवरच्या नोकरीचं गाजर दाखवून डिप्लोमाची भली मोठी फी सांगितली आहे. "मॅडम, या लाइनला स्कोप आहे का?" असं तू विचारलंस. उत्तर लिहायला बसणार होते, पण त्याआधी सोबत पाठवलेला तुझा प्रकल्प उघडला आणि तिथेच थांबले.

"दिवस दुसरा, सोमवार. सकाळी अजिंठा लेणी. दुपारचे भोजन. त्यानंतर वेरूळ लेणी. सायंकाळी बीबी का मकबरा."

अरे, सोमवारी अजिंठा बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. आणि दोन्ही उघडी असती तरी अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून शंभर किलोमीटर एका दिशेला, वेरूळ तीस किलोमीटर दुसऱ्या दिशेला. या वेळापत्रकात माणसांचा दिवस बसमध्येच संपेल. रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी सुरू होतं असं तू लिहिलंस. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. एवढं असून या प्रकल्पाला पैकीच्या पैकी गुण पडले. मला वाईट याचं वाटलं की तुझी मांडणी नेटकी आहे, भाषा चांगली आहे, नकाशा तू स्वतःच्या हाताने काढला आहेस. फक्त तू तिथे गेलेला नाहीस. कन्नड तालुक्यातला मुलगा, आणि अजिंठ्याचं वेळापत्रक इंटरनेटवरून उतरवून घेतो!

माझं सांगणं एवढंच आहे, आणि पुढची सगळी पानं मी तेच सांगणार आहे. जाऊन ये, मग बोल.

जाऊन येणं म्हणजे सेल्फी काढून येणं नव्हे, हे तुला वेगळं सांगायला नको. वही घेऊन जा. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडावी लागते आणि तिथून लेण्यांपर्यंत दुसऱ्या बसने जावं लागतं. त्या बसच्या रांगेत किती वेळ जातो तो घड्याळ लावून लिही, एकदा सुट्टीच्या दिवशी आणि एकदा आडवारी. वर गेल्यावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजींना त्या चढवतात का, डोलीवाले कुठे उभे असतात, काय घेतात, हे त्यांच्याशीच बोलून विचार. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, आणि मे महिन्यात बाहेरचा दगड असा तापलेला असतो की माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारतात. म्हणून आदल्या रात्रीच गटाला सांगायचं, उद्या मोजे घेऊन या. हे एक वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही, पण दिवस सुखाचा होतो तो या वाक्याने.

आणि पहिल्या लेण्यात शिरलास की लगेच बोलायला लागू नकोस. लोक उन्हातून आलेले असतात, त्यांना आत काळोखाशिवाय काही दिसत नसतं. पुष्कळ गाईड तेव्हाच माहिती सुरू करतात आणि लोक अंधाराकडे बघत मान डोलावतात. तू गप्प उभा राहा. डोळे सरावले की गाभाऱ्याच्या दाराशेजारच्या भिंतीतून चित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू वर येतो, आधी मुकुट, मग खाली झुकलेली नजर, मग हातातलं निळं कमळ. गटातलं कुणीतरी "अगं बाई!" म्हणतं. तेव्हा बोलायला सुरुवात कर. हे मला कुणी शिकवलं नाही. मी तिथे गेले, पुन्हा गेले, आणि लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले.

बायकांचं एक सांगते, कारण तू मुलगा आहेस आणि तुझ्या वर्गात हे कुणी बोलणार नाही. तुझ्या प्रकल्पात "मूलभूत सुविधा उपलब्ध" असं एक वाक्य आहे. माझ्या वहीत त्या जागी असतं की रस्त्यात बायकांसाठी स्वच्छतागृह नेमकं कुठे आहे, कडी लागते का, पाणी येतं का, किती वाजता कुलूप पडतं. साठीच्या बायका सहलीत सकाळपासून पाणी पीत नाहीत, का ते समजून घे. ज्याला हे कळलं तो या धंद्यात उपाशी राहत नाही.

आता वेरूळ. तुझ्या प्रकल्पात कैलास लेण्याबद्दल एक परिच्छेद आहे, "हे मानवाने बांधणे अशक्य वाटते, काही संशोधकांच्या मते परग्रहवासी..." हा परिच्छेद मी तांबड्या पेनाने खोडला आणि कागद फाटेपर्यंत खोडला. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, माणसांनी छिन्नी-हातोडीने वरून खाली कोरत आणलेलं काम आहे ते. कृष्ण पहिला या राजाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. पण मी सांगते म्हणून ऐकू नकोस. कैलासाच्या मागच्या बाजूला जा, अंगणाच्या उंच भिंतींकडे वर बघ. छिन्नीचे तिरपे ओरखडे ओळीने दिसतात. अजिंठ्याला २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलेलं आहे, तिथे तर कामाची रीतच उघडी पडली आहे. खडकात गल्ल्या कशा काढत नेल्या, मधला दगड कसा राखला, हे सगळं तिथे दिसतं. लोक ते लेणं ओलांडून पुढे जातात, कारण ते अपुरं आहे. तू तिथेच जास्त वेळ थांब. ज्याने ते ओरखडे बघितले आहेत त्याच्या तोंडून परग्रहवासी हा शब्द निघायचा नाही.

जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याचंही तसंच. २८ एप्रिल १८१९ ला तो शिकारीला आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, दहाव्या लेण्यात खांबावर त्याने नाव कोरून ठेवलं, हे खरं. पण "त्याने शोध लावला" असं म्हणून सोडून देऊ नकोस. त्या खोऱ्यात गुरं चारणाऱ्यांना ती ठाऊक होतीच. कुणाच्या बाजूने गोष्ट सांगायची हे गाईडला ठरवावं लागतं.

आता सगळ्यात लागलेली गोष्ट. पाच दिवसांच्या तुझ्या सहलीत पितळखोरा नाही. तुझ्या स्वतःच्या तालुक्यातलं, गौताळ्याच्या जंगलातलं पितळखोरा! महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी ती आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. घळीत उतरलास की दगडी हत्तींची रांग आणि दाराशी शस्त्र घेतलेले द्वारपाल भेटतात. इथेच एक यक्ष सापडला होता, बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर भांडं धरून हसणारा. तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असं त्याच्यावरच्याच लेखात कोरलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला ठाऊक आहे, ही केवढी गोष्ट आहे! तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीला जाणाऱ्या गटाला मी तो दाखवते आणि सांगते, हा आमच्या कन्नडचा. आणि कन्नडच्या पोराला तो माहीत नाही. मी रागावले आहे असं तुला वाटेल. रागावलेच आहे. पण अशा जागा ज्याच्या घराजवळ आहेत त्याने स्कोप कुठे आहे म्हणून मला विचारावं, याचं मला रागापेक्षा दुःख जास्त आहे.

मी हा हट्ट का धरला तेही ऐक. तरुणपणी एका शहरातल्या ट्रॅव्हल ऑफिसात काउंटरवर होते. थंड हवेच्या ठिकाणचं एक हॉटेल "तलावाच्या काठावर" म्हणून विकायला सांगितलं. मी सुट्टीत स्वतःच्या पैशाने तिथे जाऊन आले. तलाव त्या हॉटेलच्या कुठल्याही खिडकीतून दिसत नव्हता. परत येऊन सांगितलं की मी हे असं विकणार नाही. उत्तर मिळालं, "बाई, तुम्हाला कुणी जायला सांगितलं होतं?" मी नोकरी सोडली. पुढे इथे गाईडचं काम करताना दुकानांचं कमिशन नाकारलं, कारण ज्या दुकानातली हिमरूची शाल हातमागाची नाही हे मी मागे जाऊन बघितलं होतं, ती हातमागाची म्हणून मला सांगता येईना. त्यावर काही ड्रायव्हर माझ्या गटाला यायला नाखूश झाले, काही एजंटांनी मला बोलावणं सोडलं. माझ्याबरोबरच्या लोकांची आज एसी ऑफिसं आहेत, माझं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. आई जाईपर्यंत म्हणायची, चारजणांसारखं वागली असतीस तर बरं झालं असतं. माझं तसं मत नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. माझ्याकडे आजींनी नातवंडं पाठवली आहेत, आणि फोनवर एकच वाक्य असतं, "तुम्ही म्हणाल तिथे जाऊ." हे कमिशनने मिळत नाही. कुणी मला हटवादी म्हणतं, म्हणू दे. तूही हटवादी हो.

खंत मला एका गोष्टीची आहे. जपानहून बौद्ध यात्रेकरू अजिंठ्याला येतात, तिथल्या विकासकामाला जपानचं कर्ज मिळालं होतं, आणि मी जपानी शिकले नाही. एक वृद्ध बाई सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या बुद्धापुढे हात जोडून कितीतरी वेळ बसल्या होत्या. उठल्यावर माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. दुभाषा पुढे निघून गेला होता. त्या काय म्हणाल्या ते मला कधीच कळणार नाही. तू आत्ता अठराचाही नाहीस, एक परकीय भाषा धर. कुठली ते तू ठरव, पण धर.

शाळेतला विषय वाया गेला असं मी म्हणत नाही, उलट तो सोडू नकोस. व्हाउचर, रूमिंग लिस्ट, हॉटेलच्या दरात सीपी म्हणजे खोलीबरोबर नुसता नाश्ता आणि एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, टूरवरचा जीएसटी, पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत, हे सगळं यायलाच हवं. ते न येता नुसतं जागेवर प्रेम असलेले लोक गट रस्त्यावर आणतात, आणि गट म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीतून निघालेली माणसं असतात. पण हे वर्षभरात पाठ होतं. पुढे शिकायचं तर सरकारी वाट आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट ग्वाल्हेरला आहे, गोव्यातही तिचं केंद्र आहे. घरी राहून करायचं तर इग्नूमधून पर्यटनाची पदवी होते. आणि कामाचं म्हणशील तर २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रात आहेत, साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत. या किल्ल्यांवर घोषणा देणारे भरपूर आहेत. पाण्याच्या टाक्या, चोरवाटा, तटाची जाडी नीट दाखवणारे फार थोडे. त्यातला एक किल्ला तुझा करून टाक, पण त्याआधी पितळखोरा.

पोलीस भरतीबद्दल मी बोलणार नाही, तो तुझ्या वडिलांचा आणि तुझा विषय आहे. त्या खासगी संस्थेबद्दल मात्र बोलते. तू त्यांचं माहितीपत्रक बघितलंस, संस्था बघितलीस का? तिथे जा. वर्ग चालू असताना जा. मागच्या वर्षीच्या मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठ आणि विचार, जहाजावर प्रत्यक्ष कोण लागलं, कुठल्या कामाला लागलं, की सगळे कॉल सेंटरला गेले. पैसे परत मिळतात का ते लेखी माग. वडिलांना बरोबर ने, त्यांना माणसं ओळखता येतात. "आजच भरा, उद्या सीट राहणार नाही" असं म्हणाले तर चहा पिऊन घरी ये आणि मला फोन कर. दुपारी दोननंतर मी मोकळी असते.

तुझी,
मॅडम