तू कुठल्या प्रसंगाला रडलास?

बारावी नापास झालेला गरीब मुलगा स्पर्धा परीक्षा देऊन पोलीस अधिकारी होतो, त्याची गोष्ट सांगणारा विधू विनोद चोप्रांचा 'ट्वेल्थ फेल' हा चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलांचं एक वाक्य मात्र अजून थांबलेलं नाही. "मॅडम, ती माझीच गोष्ट आहे." आणि मग आवाज खाली आणून, "मग माझं का होत नाही?"

पालकांचा प्रश्न वेगळा. पिक्चरच्या नादानं पोरगं अजून किती वर्षं काढणार? दोघांसाठी एकाच मुलाची हकिगत सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

बार्शीकडचा, वय २७, बीएस्सी ॲग्री. राज्यसेवेच्या चार पूर्व परीक्षा दिल्या, एकही निघाली नाही. घरून महिना नऊ हजार येतात. कॉटचे साडेतीन, मेसचे तीन, अभ्यासिकेचे बाराशे. उरलेल्यात चहा, झेरॉक्स, टेस्ट सिरीज. चित्रपट तीनदा पाहिला होता. नायक पिठाच्या गिरणीत राबून शिकतो, म्हणून यानं झोप चार तासांवर आणली आणि रात्रीची मेस बंद केली. नायकाचा नाइलाज यानं व्रत म्हणून उचलला! वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. ती कापली की कालचाच धडा सकाळी कोरा वाटतो.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे त्रासामागचा हट्टी विचार शोधणारी, त्यामुळे माझा कान आधी 'च'कडे जातो. "अधिकारी व्हायचंय" ही इच्छा. "व्हायलाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" हा हट्ट. हे सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि जिना उतरता उतरता 'च' परत लावतात. यानंही तेच केलं. तिसऱ्या भेटीत मी समजावणं सोडलं.

"कुठल्या प्रसंगाला रडलास?"

"शेवटी, रिझल्टला."

"तिथं सगळेच रडतात. त्याआधी?"

बराच वेळ तो बॅगेची चेन उघडत-लावत बसला. "गौरीभैयाचा शेवटचा अटेम्प्ट जातो ना, तिथं. शेजारी दोस्त होता, म्हणून बाहेर जाऊन तोंड धुतलं."

गौरीभैया म्हणजे सगळे प्रयत्न संपल्यावर चहाचं दुकान टाकून इतरांना अभ्यासाला लावणारा. भिंतीवर फोटो नायकाचा लागतो, भीती मात्र या दुकानापाशी बसलेली असते. तेव्हापासून हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारते. दोन-तीन भेटी वाचतात, हे जरा मिरवूनच सांगते.

"तो तुला कुचकामी वाटला?"

"छे! उलट तोच भारी वाटला."

म्हणाला आणि स्वतःचंच बोलणं ऐकत गप्प झाला. मी पुढं काही बोलले नाही. त्या दिवशी 'च' जिन्यातही परत लागला नाही.

मग हिशोब. आधी वेळेचा. फोन बॅगेत टाकून सलग अर्धा तास वाचलं की वहीत एक रेघ. चौदा तास अभ्यासिकेत बसून रोज सरासरी ११ रेघा निघाल्या, म्हणजे साडेपाच तास. नंतर शेवटच्या पूर्वचा पहिला पेपर काढला. १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकलं की अर्धा गुण कापला जातो. यानं ९४ सोडवले, ४१ चुकले, हाती ८५.५. चुकलेल्यांतले २३ अर्थव्यवस्था आणि विज्ञानाचे. आणि महिनाभर वाचत काय होता? आधुनिक इतिहास, पाचव्यांदा. येतंय तेच परत वाचलं की जिवाला बरं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांची पूर्व इथंच अडकते. कष्ट कमी नसतात, ते भलत्या पानावर खर्च होतात.

तिसरी गोष्ट मुदतीची. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयाची अट ३८, त्यामुळे दोर लांब. पण बँकांची कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची भरती खुल्या गटाला तिशीतच बंद होते. हे त्याला माहीत होतं, बघायचं नव्हतं. मी एका कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या. अजून किती पूर्व, घरून किती पैसे आणि कुठल्या महिन्यापर्यंत, दुसरा फॉर्म कधी. तो दुसरा फॉर्म निकालाच्या आधीच भरायचा. नापास झाल्यावर भरला की शिक्षा वाटते. कागद ठेवायचा रूममेटकडे, कारण स्वतःजवळच्या कागदावर खाडाखोड होते.

पालकांनी "आता पुरे" म्हणण्यापेक्षा "कागदावर काय लिहिलंय?" एवढंच विचारावं. मात्र झोप-जेवण दोन आठवडे उडालं असेल, तर हिशोब बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. जगून काय करू अशी भाषा सुरू झाली तर दोन दिवसही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो.

कागद लिहून झाल्यावर त्यानं माझ्यासमोरच घरी फोन लावला, स्पीकरवर.

"आण्णा, अजून दोन पूर्व देतो. बँकेचा फॉर्म पण भरतोय."

"बरं." थोडा वेळ नुसता पाण्याच्या मोटारीचा आवाज. "मग कांदा काढायला येतोस का चार दिवस?"