भाजीपाल्यात भारत कधी स्वयंपूर्ण होईल?

लोकसंख्या वाढतेय, पुढे भाजीसुद्धा बाहेरून आणावी लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी मोहोळ तालुक्यात कांदा करतो आणि सोलापूरच्या बाजार समितीत विकतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

टनांचा हिशोब धरला तर आपण आजच स्वयंपूर्ण आहोत. भाजीपाल्यात चीनच्या खालोखाल आपला नंबर. वर्षाला २० कोटी टनांहून जास्त माल पिकतो, म्हणजे माणशी दिवसाला जवळपास ४०० ग्रॅम. खाद्यतेलासारखी निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवायची वेळ इथं नाही. मात्र त्यात पाच किलोमागे दोन किलो तर नुसता बटाटा आणि कांदाच असतो.

अडचण आहे ती माल येण्याच्या वेळेची. डिसेंबर-जानेवारीत, गड्डा यात्रेच्या आसपास, सोलापुरात कांद्याच्या गाड्यांची रात्रभर रांग लागते. आवक फारच झाली की लिलाव एखादा दिवस बंद ठेवावा लागतो. हा खरिपाचा लाल कांदा. अंगात पाणी जास्त, त्यामुळे लवकर कोंब फुटतो, सडतो. भाव काहीही असो, विकावाच लागतो. २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा किलोला १ रुपयानं विकला. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता हातात २ रुपयांचा चेक आला. ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, मोबाईलवर पाहिली त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्याच वर्षी जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला आणि ऑगस्टमध्ये नेपाळहून आणावा लागला. कांद्याचा भाव जरा वर आला, तर ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि डिसेंबरात थेट बंदी. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा हे मलाही पटतं. पण त्याची किंमत दर वेळी आम्हीच मोजायची, हे पटत नाही.

उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा कांदा साठवायच्या शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो. मी २५ टनांची चाळ बांधली तेव्हापासून सगळा माल एकाच आठवड्यात काढायची घाई उरली नाही. घट येते, खालच्या थरात सड होते, तरी भाव बघून विकता येतं. माझ्या मते देशाला आणखी एकरी उत्पादनापेक्षा गावोगावी अशा चाळींची आणि टोमॅटोसाठी प्रक्रिया कारखान्यांची जास्त गरज आहे.

आणि पाण्याची. उन्हाळी कांद्याला मार्चपर्यंत तरी पाणी हवं. २०२३ ला आमचं उजनी धरण भरलं नाही, पुढच्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाच्या मृत साठ्यातलंही बरंच गेलं. त्या वर्षी माझी चाळ रिकामीच राहिली. आता ठिबक केलंय, आणि कांद्याचं रान निम्म्यावर आणलंय, विहिरीच्या पाण्यात बसेल तेवढंच.