पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या बहिणीला झिंक-मॅग्नेशियमच्या गोळ्या द्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की बहीण ८०० मीटरची तयारी करतेय, दुसऱ्या राउंडलाच दम लागतो आणि जिमवाल्याने झिंक-मॅग्नेशियमचा डबा घ्यायला सांगितलाय. माझं स्पष्ट मत, तो डबा आत्ता घेऊ नका, आधी तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी हा साठा रिकामा असू शकतो आणि तो १५ च्या खाली गेला की संपलाच समजा. पाळीत रक्त जातं, घामातून थोडं लोह जातं, त्यामुळे धावणाऱ्या मुलींमध्ये हे खूप दिसतं.

माझ्या भाचीचंही हेच झालं होतं, पोरगी जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहायची आणि आम्ही म्हणायचो सराव कमी पडतोय, फार वाईट वाटतं आता. तिचं फेरिटिन ९ निघालं.

कमी निघालं तर गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच घ्या, उगाच घेतलेलं लोह शरीरात साठतं. गोळीबरोबर चहा किंवा दूध अजिबात नको, लिंबूपाणी चालेल. शक्यतो सकाळी, पळायच्या आधी घ्या, कारण जोरात पळून झाल्यावर काही तास हेप्सिडिन, म्हणजे लोह शोषणं रोखणारं हार्मोन, वाढतं आणि लोह नीट शोषलं जात नाही. मॅग्नेशियम शेंगदाणे, तीळ, बाजरीतून मिळतंच आणि झिंक जास्त डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर तांबं कमी होतं.