हिवाळाभर परसबागेतून पालेभाजी सलग कशी मिळवावी?

घरामागे दहा फूट लांब-रुंद जागा असून सगळे बी एकदम पेरल्यामुळे दिवाळीनंतर भाजी एकाच आठवड्यात संपते आणि पुढे वाफे रिकामे राहतात, असे आपण लिहिले आहे. पुणे-नाशिककडच्या हवेला धरून उत्तर देतो. बी आणण्याआधी कोणती भाजी उपटायची, कोणती कापायची आणि कोणती खुडायची हे पाहावे, कारण जागेची वाटणी त्यावरच ठरते.

मेथी, शेपू आणि कोथिंबीर मुळासकट उपटली जाते, म्हणजे तेवढी जागा लगेच मोकळी होते. म्हणून या भाज्यांसाठी अर्धी जागा ठेवून तिचे चार-पाच लहान वाफे करावेत आणि दर दहा-बारा दिवसांनी एकच वाफा पेरावा. ऑक्टोबरात पेरलेली मेथी साधारण 25 ते 30 दिवसांत निघते. डिसेंबरच्या कडाक्यात वाढ मंदावते आणि आठवडाभर जास्त लागतो, त्यामुळे नोव्हेंबरअखेरच्या पेरण्या थोड्या लवकर उरकाव्यात. कोथिंबिरीचे धणे हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्यात आणि रात्रभर भिजवूनच पेरावेत. अख्खे धणे टाकले की उगवण विरळ होते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तर ती आणखीच रखडते.

उरलेल्या जागेत पालक आणि आंबट चुका लावावा. पालकाची पहिली कापणी महिन्याभराने मिळते, आणि जमिनीपासून दोन बोटे वर कापून मधला कोंब शाबूत ठेवला तर दर पंधरा-वीस दिवसांनी तोच वाफा पुन्हा भरतो. प्रत्येक कापणीनंतर चाळलेले शेणखत पसरून पाणी द्यावे. थंडीत पालक लवकर दांड्यावर येत नाही, म्हणजे त्याला फुलोऱ्याचा दांडा फुटत नाही, म्हणून हिवाळी बागेचा खरा आधार मी त्यालाच मानतो. कडेने हरभऱ्याची एक ओळ अवश्य पेरावी. महिन्याभराने शेंडे खुडले की भाजी तर मिळतेच, शिवाय झाडाला फांद्याही जास्त फुटतात.

परतीचा पाऊस रेंगाळला तर सपाट वाफ्यात पाणी साचून कोवळी रोपे कोलमडतात, तेव्हा पहिली पेरणी गादीवाफ्यावर, म्हणजे माती उंच केलेल्या वाफ्यावर करावी. पुढे पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे पाने रात्रभर ओली राहत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मेथी-कोथिंबिरीवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी दिसू लागली, तर औषध फवारण्यापेक्षा तो वाफा लगेच उपटून चांगली पाने निवडून घ्यावीत. चार दिवसांत ताटात येणाऱ्या भाजीवर विषारी फवारणी मला मुळीच मान्य नाही.

माठ मात्र थंडीत खुरटतो. त्याचे बी फेब्रुवारीसाठी राखून ठेवावे आणि पालकाला दांडे येऊ लागले की त्याच जागी ते पेरावे.