गेमचा कट्टा: दहा जणांचा स्क्वॉड, दोन वर्षं ट्रेनिंग, तरी सगळे रिक्रूटच

प्रश्न: दादा, मी ड्वार्फ फोर्ट्रेस खेळतो, म्हणजे बुटक्या ड्वार्फ लोकांचा किल्ला सांभाळायचा कॉम्प्युटर गेम, स्टीम स्टोअरवालं. दहा जणांचा स्क्वॉड केला, बॅरॅक दिली, ट्रेनिंग चालू ठेवलं, गेममधली दोन वर्षं गेली तरी नावापुढे रिक्रूटच, म्हणजे नवशिके शिपाई. मग गॉब्लिन आले आणि सात जण गेले. जुने प्लेअर म्हणतात डेंजर रूम बांध. बांधू का? आणि तिरंदाज सरावच करत नाहीत, त्यांचं काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: अरे, आपल्या नाशिकरोडला तोपखान्याचं सेंटर आहे, रिक्रूट म्हणजे काय हे तुला मी काय सांगू. पण तिथं बिगुल वाजला की सगळे एकदम मैदानात, आणि तुझे ड्वार्फ? एक झोपलेला, एक बिअर पीत बसलेला, तिसरा जेवायला गेलेला. स्क्वॉडच्या शेड्यूलमध्ये ट्रेनिंगसाठी किमान किती जण हवेत तो आकडा असतो, तो बहुतेक दहावरच राहिलाय तुझा. दहाच्या दहा एका वेळी मोकळे सापडणार कधी रे? आणि जमलेच तर एक जण पुढे उभा राहून डाव दाखवतो, बाकीचे नुसते बघत बसतात. तालमीत वस्ताद डाव दाखवतो ते ठीकच, पण अंगात मुरतो जोड लागल्यावरच ना. गेममध्ये पण तसंच आहे, डेमोमध्ये एका वेळी एकच स्किल शिकवलं जातं, आणि दोघं भिडले की हत्यार, ढाल, चिलखत, चुकवणं सगळं एकदम वाढतं.

म्हणून दहाचा एक नको, दोन-दोन जणांचे पाच स्क्वॉड कर. किमान आकडा दोन. पण सगळे एकदम बदलू नकोस, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचंच नाही. आधी नवीन मायग्रंटमधले, म्हणजे किल्ल्यात राहायला आलेल्या ड्वार्फांमधले, सहा बिनअनुभवी घे, दोघांच्या दोन जोड्या कर, उरलेल्या दोघांना जुन्या मोठ्या स्क्वॉडमध्ये टाक, हत्यार आणि चिलखत सगळ्यांना सारखंच. गेमचं वर्ष ३३६ दिवसांचं, म्हणजे २८ दिवसांचे बारा महिने, तेव्हा दर सीझनला, म्हणजे दर तीन महिन्यांनी, सहाही जणांची स्किल्स वहीत लिही. मी असंच केलं होतं आणि दुसऱ्या सीझनलाच मोठ्या स्क्वॉडकडे बघायचं सोडून दिलं. एखादा मुरलेला लढवय्या असेल तर त्याची जोडी कच्च्याशी लावून बघ.

आता डेंजर रूम. म्हणजे खोलीभर जमिनीतून वर येणारे लाकडी ट्रेनिंग भाले, ते लिव्हरला जोडायचे, ड्वार्फ आत उभे करायचे आणि लिव्हर ओढत राहायचं. जुन्या आवृत्त्यांमध्ये यात पोरं पटापट तयार व्हायची हे खरंय, पण मला स्वतःला ती चीटिंगच वाटते. आणि धोका वेगळाच, एकाने हेल्मेट घातलेलं नसतं, किंवा कडेवर बाळ घेऊन एखादी आईच स्क्वॉडमध्ये असते, भाले वर आले की बाळ गेलं आणि आईचं डोकं फिरलं. माझा एक फोर्ट असाच बसलाय. त्यापेक्षा केज ट्रॅपमध्ये, म्हणजे पिंजऱ्याच्या सापळ्यात, गॉब्लिन पकड, त्यांची हत्यारं काढून घे आणि बंद खड्ड्यात सोडून खरी मारामारी होऊ दे. फक्त आधी जोड्यांमध्ये थोडे तयार झालेलेच पाठव, आणि अंगावर धातूचं चिलखत असू दे.

तिरंदाजांचं थोडक्यात. आर्चरी टार्गेट बांधून ते त्यांच्या स्क्वॉडला नेमून दिलंय का ते बघ. प्रत्येकाकडे भाता हवा. सरावाला लाकडाचे नाहीतर हाडांचे बोल्ट (क्रॉसबोचे बाण) ठेव, धातूचे लढाईसाठी. बोल्ट संपले की ते क्रॉसबोच गदेसारखा फिरवत शत्रूवर धावून जातात, आणि तेव्हा त्यांचं हातोड्याचं स्किल मोजलं जातं, जे तू कधी वाढवलेलंच नसतं.